धूर? कुठे आहे धूर?

आमच्या घरात माणसं तीन आणि चालणारं नाक एक. ते माझं. ही फुशारकी नाही, मला त्याचाच पगार मिळतो. मी साबणाच्या कारखान्यात वास तपासते. नव्या मालातली एक वडी माझ्या टेबलावर येते, मी ती हुंगते आणि ‘जाऊ दे’ नाहीतर ‘थांबवा’ म्हणते. मी थांबवा म्हटलं की मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात, पण माल फाटकाबाहेर जात नाही. एकदा मी भरलेला अख्खा ट्रक परत उतरवायला लावला होता, कारण गुलाबाच्या मागे किंचित खवट तेल लपलं होतं. दुसऱ्या कुणालाच ते कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यातही तेच निघालं.

अशी ही बाई संध्याकाळी घरी यायची, दारात चपला काढायची आणि म्हणायची, "केवढा हा धूर!" आणि आतून बापलेक एका सुरात विचारायचे, "धूर? कुठे आहे धूर?"

सतरा वर्षं हे असंच चाललं होतं.

बापलेक म्हणजे माझे सासरे आणि माझा नवरा. दोघं जुने रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत खिडकीशी लांब टेबल, त्याच्या दोन टोकांना दोन स्टुलं आणि समोरच्या भिंतीला सासऱ्यांचा पलंग. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नला कथलाची तार टेकवली की तारेच्या पोटातली राळ जळते आणि निळसर धुराची एक बट वर येते. एका डागाचा, म्हणजे एका जोडाचा, धूर असून असून किती असणार? पण दिवसाला दोनशे डाग आणि मान टेबलावर वाकलेली, म्हणजे धूर सरळ नाकात. खिडकी उघडायची सोय नाही, कारण वाऱ्याने आयर्नचं टोक थंड पडतं, हा सासऱ्यांचा चाळीस वर्षांचा नियम. मी भांडले, रुसले, पंखे आणून लावले. पंखे दुसऱ्या दिवशी बंद. शेवटी मीही नाद सोडला.

मग सासऱ्यांना न्यूमोनिया झाला.

दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात धूर होतो का?"

"नाही," नवरा म्हणाला.

"हो," मी म्हणाले. दोघंही एकाच क्षणी.

त्यांनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं आणि कागदावर माझं उत्तर लिहिलं. मग स्वच्छ सांगितलं. "छाती अजून हळवी आहे. आठ दिवसांनी घरी सोडता येईल, पण धुराच्या घरात मी त्यांना पाठवणार नाही. दुसरी काही सोय आहे?"

सोय होती. माझी नणंद सहा तासांच्या अंतरावर राहते, तिने खोलीही झाडून ठेवली होती. मायेची आहे ती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या संध्याकाळी सासऱ्यांनी माझा हात धरला. मुलाचा नाही, माझा. म्हणाले, "सूनबाई, मला घरी ने. तिथे मी दिवसभर काय ऐकत बसू?"

मला त्यांचं म्हणणं कळलं. डोळे अधू झाल्यापासून ते पलंगावर पडल्या पडल्या कानांनी काम करतात. नवरा रेडिओ लावतो, ते खरखर ऐकून सांगतात, "कपॅसिटर गेलाय, डावीकडचा." नव्वद टक्के बरोबर निघतं. त्या खोलीतून उचलून दुसरीकडे नेलं, तर शरीराने बरे होतील, पण माणूस म्हणून संपतील. आणि टेबल हलवायला दुसरी जागा आठ दिवसांत मिळणार नव्हती. मी त्यांना म्हणाले, "नेते." म्हणून बसले, आणि जिना उतरतानाच दिवस मोजायला लागले.

"त्यात काय एवढं?" नवरा म्हणाला. "एअर प्युरिफायर आणू. मी बघतो. यंत्रातलं तुला काय कळतं?"

"आणि हवेतलं तुला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी घरी आले तर टेबलाखाली एक पांढरं, गोलमटोल यंत्र निळा दिवा लावून गुरगुरत होतं. कुण्या गिऱ्हाइकाकडून वापरून बघायला आणलेलं. नवरा स्टुलावर मांडी ठोकून बसला होता. "घे वास! आहे का काही? दिवसभर काम केलंय."

मी दारातच थांबले. राळ होतीच, शिवाय तिच्या अंगावर कुणीतरी मोगरा चढवला होता. आमच्या धंद्यात हे पाप समजतात. तेल खराब निघालं की नवशिके लोक त्यात अत्तर वाढवतात आणि मला फसवायला बघतात. मी सरळ यंत्र उलटं केलं आणि मागचं झाकण काढलं. आत पावाच्या तुकड्याएवढी सुगंधी वडी आणि तिच्या पुढे गाळणीच्या फडक्याइतकी पातळ जाळी. बस्स, एवढंच.

"हे हवा साफ करत नाही, हवेला पावडर लावतं," मी म्हणाले. "चल, दुकानात जाऊ. आणि तुझं आयर्न बरोबर घे."

"आयर्न कशाला?"

"भाजी घेताना वांगं दाबून बघतोस ना? मग हे का नाही?"

दुकानात भिंतभर प्युरिफायर मांडले होते. नवऱ्याचा हात लगेच सगळ्यांत जास्त दिवे असलेल्या यंत्राकडे गेला. फोनवरून चालतं, रंग बदलतं, गाणंही म्हणतं म्हणे. काउंटरवरची बाई माझ्याच वयाची होती, चष्मा डोक्यावर चढवलेला. मला तिने विचारलं, "खोली केवढी? धूर कशाचा? आणि त्यात झोपणार कोण?"

ही बाई मला तिथल्या तिथे आवडली. मी सांगितलं. खोली चौदा बाय अकरा, उंची साडेनऊ. धूर राळेचा. झोपणार ते आजारातून उठलेले माझे सासरे.

"मग दोन गोष्टी बघा," ती म्हणाली. "धुराचे बारीक कण पकडायला घड्यांचा दाट कागदी फिल्टर लागतो. तो या सगळ्यांत आहे, कमीजास्त. पण वास आणि वाफ त्यातून आरपार जाते. त्याला कोळसा लागतो. कोळसा किती आहे, हे खोक्यावर कुणी धड लिहीत नाही."

"मग हातात द्या," मी म्हणाले.

तिने तीन यंत्रांचे कोळशाचे फिल्टर काढून काउंटरवर ठेवले. पहिला म्हणजे काळा रंग मारलेला स्पंज, उचलला तर वजनच नाही. दुसरा बरा होता. तिसरा उचलताना मनगटाला ताण आला. हलवला तर आत दाणे वाजले. दिवे असलेल्या यंत्रातला कुठला, ते सांगायला नकोच. नवऱ्याने स्पंज बोटांत चुरगाळून पाहिला आणि गुपचूप खाली ठेवला.

"तिसरं," मी म्हणाले. "पण आधी तपासून."

आता इथे माझ्या कामाची रीत सांगायला हवी. नाक फार लवकर थकतं. वासात पाच-दहा मिनिटं बसलात की तो वास तुमच्यापुरता संपतो. म्हणून आम्ही बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभे राहतो, पाच मिनिटं काहीही हुंगत नाही, मग आत येऊन एकच श्वास घेतो. तो पहिला श्वास खरा. दुसऱ्या श्वासापासून माणूस स्वतःची समजूत घालायला लागतो.

बाईने मागची गोदामाची छोटी खोली उघडून दिली आणि यंत्र आत नेऊन ठेवलं. नवऱ्याने आयर्न तापवलं आणि एका पत्र्याच्या तुकड्यावर वीतभर तार जाळली. धूर वर गेला, पसरला, आणि चार मिनिटांत डोळ्यांना दिसेनासा झाला. दार लावून घेतलं. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. माझ्या मागोमाग बाई डोळे पुसत, खोकत बाहेर आली. नवरा मात्र आतच. पाच मिनिटांनी आम्ही दार उघडलं. राळ घशाला येऊन भिडली, मी मागेच सरले.

नवरा खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा होता. चेहरा खुललेला. "मानलं बुवा तुला! काय यंत्र आहे! एवढी तार जाळली आणि वासाचा पत्ता नाही. घेऊन टाकू."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं.

"अरे," मी म्हणाले, "ते अजून चालू कुठे केलंय?"

त्याने खाली पाहिलं. यंत्राची वायर गुंडाळलेली, रबर लावलेली, यंत्रावरच पडली होती. त्याने ती उचलली, पिन बघितली, पुन्हा ठेवली. मग नाक वर करून जोरात श्वास घेतला. आणखी एक घेतला. हा माणूस मला कधी घाबरलेला दिसला नव्हता.

"मला खरंच येत नाहीये," तो म्हणाला. "तुला येतोय?"

"डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या."

"किती दिवसांपासून असेल असं?"

सतरा वर्षं मला वाटत होतं, हा मुद्दाम नाही म्हणतो. बापाची री ओढतो, आळस करतो, माझं म्हणणं उडवून लावतो. आणि हा बिचारा खरं बोलत होता. त्याला धूर नव्हताच. माझा सतरा वर्षांचा राग क्षणात ओसरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. सासऱ्यांच्या छातीत जे झालं, ते याच्याही छातीत कधी सुरू झालं असेल, कोण जाणे. मी तिथेच त्याला दम दिला, की बाबांच्या डॉक्टरीणबाईंना आपलीही छाती दाखवायची. तो एका शब्दानेही वाद न घालता हो म्हणाला.

मग आम्ही यंत्र चालू केलं. वीस मिनिटं चालवून, बाहेर थांबून, आत येऊन मी श्वास घेतला. जवळजवळ गेला होता. बाकीची दोन तशीच लावून पाहिली, ती मागे पडली. तिसरं बांधायला सांगितलं.

नवऱ्याला आता एवढा उत्साह आला होता की तो म्हणाला, "दोन द्या." बाईने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "दोन घेऊन काय कराल? यंत्र खोलीत पसरलेला धूर गोळा करतं. तुम्ही नाक धुरावरच धरून काम करता. तो उगवतो तिथेच त्याला धरा. लहान पंखा, त्याला पाइप, पाइपचं तोंड आयर्नपाशी आणि दुसरं टोक खिडकीबाहेर. ते मी विकत नाही. तुम्ही कारागीर दिसता, घरी बनवा." दुसरं यंत्र विकायचं सोडून गिऱ्हाइकाला असं सांगणारी बाई माझ्या कारखान्यात हवी होती.

रविवारी आमच्या घरात युद्धपातळीवर काम निघालं. नवऱ्याने एका मोडक्या अ‍ॅम्प्लिफायरचा पंखा काढला, त्याला हाताने वाकेल असा पाइप जोडला आणि खिडकीच्या काचेच्या जागी लाकडी फळी बसवून त्यातून तो बाहेर काढला. मी पडदे धुतले, गादी बदलली, भिंती पुसल्या. सात बादल्या पाणी चहासारखं तांबूस होऊन मोरीत गेलं. नवरा प्रत्येक बादली बघायचा आणि पुढची भरून आणायचा. प्युरिफायर पडद्याआड लपवायचा त्याचा बेत होता, दिसायला बरं म्हणून. मी त्याला टेबल आणि पलंगाच्या मधोमध, चारही बाजूंनी मोकळा ठेवायला लावला.

सोमवारी त्याने दिवसभर काम केलं. संध्याकाळी मी जिन्याखाली पाच मिनिटं थांबून वर आले. पहिला श्वास. आहे. थोडा, पण आहे.

"थांबवा," मी म्हणाले.

"अगं, थोडाच ना?"

"थांबवा."

त्याने पाइपचं तोंड हातभर अंतरावर ठेवलं होतं, हाताला अडतं म्हणून. ते चार बोटांवर आणलं. मंगळवारी आणखी कमी झाला. बुधवारी सकाळी मला तो टेबलाच्या लाकडातून येतोय असं वाटलं, म्हणून नवऱ्याने वरची फळीच बदलली. गुरुवारी दवाखान्यात उत्तर द्यायचं होतं. तिकडे नणंद फोन करून विचारत होती, "बाबांचे कपडे माझ्याकडे पाठवता ना?" माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचा हात यायचा. मनात यायचं, इतक्याने काय होतंय, हो म्हणून टाकावं. पण एकदा डोळेझाक केली की माझ्या ‘जाऊ दे’ला काय किंमत राहणार? बुधवारी संध्याकाळी मी दोनदा खाली गेले, दोनदा वर आले. खोलीत धुतलेल्या पडद्यांचा वास होता, नव्या लाकडाचा होता, नवऱ्याच्या घामाचा होता. राळ नव्हती.

"जाऊ दे," मी म्हणाले. नवरा मटकन स्टुलावर बसला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणी तपासलं?"

"मी."

त्या हसल्या नाहीत. दर आठवड्याला तपासणीला आणायचं आणि पहिला महिना बाबा खोलीत असताना आयर्न बंद, या दोन अटींवर त्यांनी सही केली.

शुक्रवारी दुपारी सासरे घरी आले. नणंद बरोबर होती, त्यांची बॅग खांद्याला लावून. घर बघून पटलं नाही तर तशीच त्यांना घेऊन जाणार, हे ती बोलून दाखवत होती. सासरे दारात थांबले. नाक वर केलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"कसला वास येतोय?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला, नणंद दोघांकडे. सासरे भिंतीला हात लावत आत आले आणि सरळ कपाटाशी गेले. त्यांचे कपडे लावायला मी ते नुकतंच उघडून ठेवलं होतं. आठवडाभरात त्या खोलीत हात लावायचा राहिलेली एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी बरोबर बाहेर काढली. कपाटाच्या दाराआड खुंटीवर टांगलेला त्यांचा लोकरी कोट. तो घालूनच ते टेबलाशी बसायचे. कोट नाकाशी धरला आणि झटकन दूर केला.

जवळजवळ महिनाभर दवाखान्याच्या स्वच्छ हवेत पडून त्यांचं नाक परत आलं होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"हा असा वास?" ते म्हणाले. "हा आपल्या घराचा?"

"होता, बाबा. आता नाही."

"किती वर्षं?"

"मी आले तेव्हापासून तरी होता."

"आणि तू बोलली नाहीस?"

नवराच म्हणाला, "बाबा, ती रोज बोलायची."

ते पलंगावर बसले. कोट मांडीवर तसाच. मला वाटलं, आता विचारतील टेबल कुणी बदललं, खिडकी कुणी फोडली. ते म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. तुझं अर्धं आयुष्य मी यात काढायला लावलं, आणि वर तुलाच हसलो."

मी कोट त्यांच्या मांडीवरून उचलला आणि तो बाहेर ठेवायच्या निमित्ताने डोळे पुसून आले.

परत आले तर नणंद अजून बॅग खांद्याला लावून उभी. "मग बाबा, काय ठरलं? चलता की राहता?"

"मला काय विचारतेस?" सासरे म्हणाले. "तिला विचार." आणि मग स्वतःच माझ्याकडे वळले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "राहू का गं मी इथे?"

"घर तुमचं आहे, बाबा."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, राहू का?"

तेव्हा मला कळलं, की ते परवानगी मागत नव्हते. ते आपली हळवी छाती माझ्या शब्दाच्या भरवशावर ठेवत होते.

"राहा," मी म्हणाले. नणंदेने बॅग खाली ठेवली, आणि ते पलंगावर आडवे होऊन खोल श्वास घ्यायला लागले.